बाराला वर येणारं पाणी

"सायेब, इहिरीतून कुनीतरी वर येतंय," फोनवर बन्सी म्हणाला, आणि शौनकचा चहा बशीत कमी आणि टेबलावर जास्त सांडला.

"कोण पडलंय? कधी पडलंय?"

"तेच तर सांगतोय. पडलेलं कुनीच न्हाई. आन् वर मातर येतंय."

बन्सी म्हणजे खडकसांगवीचा पाणीवाला. गावच्या विहिरीवरची मोटर चालू करणं, आळीआळीचे व्हॉल्व्ह फिरवणं आणि सगळ्या गावाच्या शिव्या खाणं ही त्याची कामं. उगाच घाबरणाऱ्यांतला तो नव्हता. विहिरीत साप निघाला तरी 'हाड' म्हणून मोटर चालू करणारा माणूस. आज मात्र त्याचा आवाज कापत होता.

"मीटर काय दाखवतंय ते सांग आधी."

"तुमचं मीटरच तर सांगतंय की! सकाळी पानी नऊ मीटर खाली हुतं. आता बोर्डावर सात हाय... साडेसहा... सहा. पायरी पायरीनं चढतंय बगा. मी वाकून बगितलं, पानी हाय तितंच हाय. मग चढतंय कोन?"

पाठोपाठ भोंगा वाजला. तो इतका कर्कश होता की नगरमध्ये बसलेल्या शौनकनेही फोन कानापासून लांब धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडे फक्त चपलांचा आवाज येत होता, लांब लांब जाणारा.

ते मीटर शौनकने नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या गाळ्यात स्वतःच्या हाताने जुळवलं होतं. दिसायला साबणाच्या डबीएवढं. विहिरीच्या तोंडावर लोखंडी अँगलला ते उलटं टांगायचं. त्यातून लेसरचा लाल किरण सरळ खाली जायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या थाळीवर आपटून परत यायचा, आणि जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून मीटर पाणी किती खोल आहे ते सांगायचं. आकडा विहिरीजवळच्या बोर्डावर उमटायचा आणि शौनकच्या मोबाईलवरही. पाणी फार खाली गेलं की मोटर आपोआप बंद, फार वर आलं की भोंगा. भोंगा मुळात उंचावरच्या टाक्यांसाठी होता. जामखेडच्या अलीकडच्या त्या कोरड्या मुलखात विहीर काठोकाठ भरण्याची धास्ती कुणालाच नव्हती, म्हणून तो काढायचा शौनकने आळस केला होता.

पुण्यातली बरी नोकरी सोडून तो या उद्योगात पडला तेव्हा त्याचे वडील, मार्तंडराव, एवढंच म्हणाले होते, "हा उन्हाळा तुझा. एका तरी गावाने तुझं यंत्र पत्करलं तर मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नाही पत्करलं तर गाळ्याला कुलूप आणि तू पुण्याला." मार्तंडराव जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते बोलल्याप्रमाणे वागत, हीच सगळ्यात मोठी अडचण होती. आणि शौनकच्या यंत्राला हो म्हणायची शक्यता असलेलं गाव जगात एकच होतं, खडकसांगवी. माघात बसवलेलं मीटर चैत्रापर्यंत बिनतक्रार चाललं होतं. ते ठेवायचं की काढायचं हे पुढच्या आठवड्यातल्या ग्रामसभेत ठरणार होतं.

शौनकने हेल्मेट उचललं.

तो पोचला तेव्हा ऊन कललं होतं आणि बोर्ड निमूटपणे नऊ मीटर दहा दाखवत होता, जणू काही घडलंच नाही. विहिरीवर मात्र बायकांची ही गर्दी. विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची. अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर भिंतीत एक कोनाडा, आणि त्यात शेंदूर फासलेले सात गोटे. बायका एकेक करून खाली उतरत होत्या, गोट्यांपुढे ओटी ठेवत होत्या आणि मागे न बघता वर येत होत्या. सगळ्यांत वर काठावर भीमाबाई उभी होती. ती सरपंच दिपालीची सासू, आणि गाव सरपंचाचं ऐको न ऐको, सरपंचाच्या सासूचं ऐकत असे.

"आजी, मीटरमध्ये थोडा बिघाड आहे. मी बघतो," शौनक म्हणाला.

"बिगाड कशाचा, लेकरा? तुझी डबी खरं तेच बोलली," भीमाबाई म्हणाली. "साती आसरा हायत्या हितं. बाराला वर येत्यात. माजी सासू सांगायची, तिची सासू तिला सांगायची. पन कुनी बगितलं नव्हतं. तुझ्या डबीनं बगितलं. पान्यावर कुंकवाचा टिपका दिसतोय तो आमाला आदी कळलाच न्हाई."

कुंकवाचा ठिपका म्हणजे शौनकचा लेसर. आपल्या यंत्राची इतकी तारीफ आजवर कुणीच केली नव्हती, आणि ती यंत्र बिघडल्यावर व्हावी याचं त्याला फार वाईट वाटलं.

ओटीत हिरव्या बांगड्या होत्या, फणी होती, कुंकवाची डबी होती आणि प्रत्येकीने ठेवलेला एकेक तळहाताएवढा आरसा होता, गुलाबी प्लॅस्टिकच्या चौकटीतला, आठवडी बाजारात मिळतो तसा. आसरा बायकाच, वर येताना त्यांना तोंड बघायला नको? म्हणून कोनाड्यात आणि पायऱ्यांच्या कडेला ते आरसे आभाळाकडे तोंड करून ठेवले होते. शौनकने त्यांच्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. शहाण्या माणसाचं चुकतं ते असं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच तो विहिरीवर जाऊन बसला. गावात मनुष्य दिसत नव्हता. बाराला विहिरीकडे फिरकायचं नाही हा नियम जुनाच होता, पण आजवर तो नावापुरता पाळला जायचा. आज कुत्रीसुद्धा तो पाळत होती. वारा पडला होता. होले घुमायचे थांबले होते. लिंबाचं पान हलत नव्हतं. दिवसाढवळ्या इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती, आणि ऊन असं की डोळे मिटले तरी पांढरं दिसत होतं.

त्याने मोबाईल उघडला. नऊ मीटर दहा.

मग आठ मीटर नव्वद.

शौनकने वाकून खाली बघितलं. पाणी तळाशी होतं, हिरवट आणि गप्प. थाळी जागच्या जागी होती. आठ मीटर वीस. सात मीटर सत्तर. त्याने मोबाईल पुसला, जसा काही आकड्यावर धुरळा बसला होता. सात. सहा मीटर चाळीस. आकडा घाईने पळत नव्हता. एखादी बाई भरली घागर कमरेवर घेऊन चढते तसा दमादमाने येत होता, मध्येच थांबत होता, श्वास घेत होता आणि पुन्हा पुढची पायरी चढत होता.

आणि तेवढ्यात विहिरीच्या भिंतीवर काहीतरी हललं. उजेडाचे तुकडे. गोल, थरथरणारे. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजलेच. सात होते. ते दगडावरून सरकत होते, एका ओळीत, एकीमागे एक निघाल्यासारखे. शौनक विज्ञानाचा पदवीधर होता. त्याने स्वतःला तसं दोनदा सांगितलं. अंगावरचा काटा काही त्यामुळे खाली बसला नाही.

"सायेब."

शौनक काठावरून विहिरीतच पडायचा राहिला. मागे बन्सी उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून, चप्पल हातात घेऊन.

"अरे, तू कशाला आलास?"

"तुमाला कायतरी झालं तर सरपंचताई मला इच्यारतील म्हनून आलो." बोलता बोलता बन्सीची नजर जमिनीवर गेली आणि तिथेच राहिली. त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "सायेब... तुमची सावली कुटंय?"

शौनकने खाली बघितलं. पायाजवळ, डावीकडे, उजवीकडे. सावली नव्हती. ज्याला सावली नसते तो कोण असतो हे बन्सीला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तो एकेक पाऊल मागे सरकायला लागला.

"बन्सी, थांब. घाबरू नको. तुझी तरी कुठे आहे?"

एवढं सांगायला नको होतं. बन्सीने स्वतःच्या पायाशी बघितलं, एकदा गोल फिरून मागेही बघितलं, आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून गावातली दारं धडाधड लागली. मग तो सावलीशिवाय जितक्या जोरात पळता येतं तितक्या जोरात पळाला. त्याच क्षणी डोक्यावर भोंगा वाजायला लागला.

शौनकला मात्र हसू फुटलं, कारण भोंग्याच्या त्या आवाजातच त्याला सगळं उलगडलं. तो मोठ्याने हसला. विहिरीनेही ते हसू परत केलं, पण जरा उशिराने. मग तो हसायचा थांबला.

संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर त्याने दिपालीला समजावून सांगितलं. दिपाली शिकलेली, पोक्त विचारांची. मीटर गावाच्या गळी तिनेच उतरवलं होतं.

"ताई, मीटर आपला लाल ठिपका शोधत असतं. एरवी विहिरीत अंधार असतो, ठिपका ठळक दिसतो. पण वैशाखातले हे दिवस असे की बाराला सूर्य बरोबर डोक्यावर. सावलीसुद्धा पायाखाली जाते. ऊन थेट तळाला पोचतं आणि पाण्यावरून उसळून मीटरच्या डोळ्यात शिरतं. त्यात आजींनी ठेवायला लावलेले आरसे. जत्रेत दहा कर्णे वाजत असताना आपल्या पोराची हाक ऐकायची म्हटलं तर काय होईल? भलत्याच आवाजाला आपण ओ देऊ. मीटरचं तेच होतं. भलताच उजेड आला की त्याला वाटतं आपला किरण परत आला. लवकर परत आला, म्हणजे जवळून आला."

"म्हणजे वर कुणीच येत नाही?"

"ऊन खाली उतरतं, म्हणून बोर्डावरचं पाणी वर चढतं. एवढंच आहे."

"मला पटलं," दिपाली म्हणाली. "आत्यांना तुम्ही सांगा. मला त्या घरात राहायचंय."

शौनकने वडिलांनाही फोन केला. मार्तंडरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूर्य वर्षातून दोनदा आपल्या डोक्यावर येतो हे तुला मी सातवीत शिकवलं होतं. तेव्हा तू कुठे बघत होतास?"

पुढचे काही दिवस तो पंचायतीच्या खोलीत मुक्काम ठोकून राहिला. नगरहून त्याने एक लाल भिंग मागवलं, जे फक्त त्याच्याच लेसरचा रंग आत सोडायचं आणि बाकी उजेडाला दारातूनच वाटेला लावायचं. मीटरच्या तोंडाला त्याने हातभर लांबीची नळी बसवली, म्हणजे त्याला सरळ खालचं तेवढंच दिसावं, आजूबाजूचं काही नाही. नळीत नळी, बाहेरची जाड, आतली बारीक. आतली नळी उजेड गिळणारी हवी, चकचकीत काळा रंग चालणार नाही, म्हणून त्याने बन्सीच्या घरच्या तव्यामागची काजळी खरवडून आतून सारवली. शिवाय मीटरलाच त्याने नवी सवय लावली. आधी दिवा बंद ठेवून बघायचं, मग लावून बघायचं, आणि जो उजेड आधीच होता तो वजा करून टाकायचा.

हे सगळं चाललं असताना भोंगा रोज बाराला वाजतच होता. आणि भोंगा वाजला की आरसे वाढत होते. शेजारच्या गावांहून बायका यायला लागल्या. आरसे वाढले की उजेड वाढायचा, उजेड वाढला की बोर्डावरचं पाणी आणखी वर यायचं, पाणी वर आलं की भीमाबाई म्हणायची, "बगा, ओटी पावली." शेवटी तर बोर्डावर शून्य आलं. म्हणजे जे कुणी वर येत होतं ते काठावर येऊन उभं राहिलं होतं. त्या दिवशी अख्ख्या गावाने दाराला आतून कडी घातली, आणि शौनकनेही खोलीला घातली, हे खोटं कशाला बोला.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी तो बन्सीला म्हणाला, "नळी, भिंग सगळं झालंय. आता तेवढे आरसे उचल."

"मी?" बन्सीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आसरांच्या ओटीला हात? मोटर गळ्यात बांदून इहिरीत टाका मला, पन त्ये सांगू नका."

गावात कुणीच तयार होईना. भीमाबाईने मग नियम सांगितला. ओटी ठेवायची ती बाईने, पण उचलायची ती भावाने. आसरांचा भाऊ व्हायला गावात आजवर कुणी धजलं नव्हतं. शौनकने घड्याळ बघितलं, ग्रामसभेचा विचार केला आणि म्हणाला, "मी होतो भाऊ."

भीमाबाईने त्याला पायऱ्या उतरायला लावल्या, कोनाड्यापुढे बसवलं, मनगटाला तांबडा दोरा बांधला. "आता ह्या सात तुज्या भनी," ती म्हणाली. "वर्साच्या वर्साला चोळी-बांगडी करायची. इसरायचं न्हाई." शौनक हो हो म्हणत पिशवीत आरसे भरत गेला. शेवटचा आरसा उचलताना त्यात त्याचा चेहरा दिसला आणि चेहऱ्यामागे रिकाम्या पायऱ्या. मागे कुणी नव्हतं. मागे कुणी नाही हे त्याने दोनदा वळून बघून घेतलं.

ग्रामसभा लिंबाखाली भरली, बोर्डासमोर. बारा वाजत आले तशी कुजबुज थांबली. बायकांनी पदर सावरले. ऊन विहिरीत उतरलं, अगदी तळापर्यंत. बोर्डावर नऊ मीटर पाच होतं. मग नऊ मीटर पाच. मग पुन्हा नऊ मीटर पाच. बारा होऊन गेले, ऊन तिरकं व्हायला लागलं, आकडा तसूभर हलला नाही. भोंगा मुका होता.

शौनकचं काळीज आनंदाने फुलून आलं. त्याने टाळ्यांसाठी लोकांकडे बघितलं.

कुणीही टाळी वाजवली नाही. मयताच्या घरी बसावं तसे लोक बसले होते. भीमाबाईने डोळ्याला पदर लावला. "गेल्या," ती म्हणाली. "काळ्या नळीत कोंडून टाकलं रं त्यांला. भाऊ म्हनून हात लावलास आन् भनींची वाटच बुजवलीस."

"काढून टाका ती डबी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि "व्हय, काढाच" असा गलका झाला.

शौनकच्या डोळ्यांपुढे गाळ्याचं कुलूप आलं. बिघडलं होतं तेव्हा मीटर देव होतं, आणि आता कधी नव्हे ते खरं बोलायला लागलं तर गावाला नकोसं झालं. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

दिपालीने त्याला लिंबाच्या पलीकडे नेलं. "शौनकभाऊ, एक सांगते, रागावू नका. वरच्या आळीतले लोक दुपारी सगळं निजलं की पाइपाला चोरून मोटारी लावायचे. खालच्या वस्तीला पाणी म्हणून जायचं नाही. मी नोटिसा दिल्या, भांडले, अक्षरशः पाया पडले. काही उपयोग झाला नाही. आसरा वर यायला लागल्या आणि चोरीच्या मोटारी बंद पडल्या. बाराला भोंगा वाजला की वरच्या आळीतला माणूस दुपारभर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. या आठवड्यात खालच्या वस्तीतल्या बायकांनी पहिल्यांदा नळाखाली हंडा लावला."

"मग मी काय करू?"

"बाकी दिवसभर खरं बोलू द्या त्याला. बाराला तेवढं थोडं खोटं बोलू द्या. नळीला एक भोक पाडा."

आठवडाभर ज्या उन्हाला बाहेर ठेवायला त्याने जिवाचं रान केलं, त्यालाच आता दार उघडून द्यायचं होतं. शौनक हो म्हणाला, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. दिपालीने सभेला सांगितलं की भाऊ बहिणींची वाट मोकळी करणार आहे. पण भीमाबाई नुसत्या बोलण्यावर भागवणारी नव्हती. तिने शपथेसाठी बेल-भंडारा पुढे केला. सगळ्या गावासमक्ष शौनकने तो उचलला आणि म्हणाला, "बाराला वाट मोकळी ठेवीन." हात वर झाले. मीटर ठेवायचं ठरलं.

मग सगळ्यांच्या देखत त्याने ड्रिल चालवलं. मोठा आवाज झाला, बाहेरच्या नळीचा भुसा उडाला, बोटभर भोक पडलं आणि त्यावर ऊन चमकलं. लोकांचं समाधान झालं. ड्रिलचं टोक आतल्या काळ्या नळीला टेकलं तिथे मात्र शौनकचा हात थांबला. आपल्या हाताने नीट केलेली गोष्ट आपल्याच हाताने बिघडवायची, हे त्याच्याने होईना. आतल्या नळीला त्याने धक्का लावला नाही. भोक होतं, पण त्यातून उजेडाला आत जायला वाट नव्हती. गावाचं ठरून गेलं होतं, पुढचं पुढे बघू, असं म्हणून त्याने ड्रिल पिशवीत टाकलं. खालच्या वस्तीचं काय, हा प्रश्न त्याला वाटेतलं चिचोंडी पाटील गाव ओलांडेपर्यंत टोचत होता. नगर आलं तशी टोचणी बोथट झाली.

मार्तंडरावांनी बातमी ऐकली, मान हलवली आणि शब्द दिल्याप्रमाणे एक अक्षर काढलं नाही. शौनकने गाळ्यात दुसरं मीटर जुळवायला घेतलं. फक्त बाराच्या सुमारास तो मोबाईलला हात लावत नसे. खडकसांगवीचा आकडा बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

रोहिणी निघाल्या आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं खाली वाकलेलं करडं आभाळ. अशाच एका दुपारी बाराच्या सुमारास बन्सीचा फोन आला. आता बोलणी खायची, म्हणून शौनकने सबबी तयार ठेवल्या आणि फोन उचलला.

"बोल, बन्सी."

"काय न्हाई, सायेब. सहज केला. म्हनलं सांगावं, भोक लई झकास पाडलंय तुमी."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? रोज बाराला वर येत्यात. येका दिसाचा खाडा न्हाई. भोंगा वाजला की वरची आळी चिडीचूप. खालच्या वस्तीतल्या बाया तुमचं नाव काडत्यात."

शौनक हळूच खुर्चीत बसला. "बन्सी, तिकडे आज ऊन आहे का?"

"ऊन कुटलं? परवाधरनं आबाळ हाय. सूर्व्या दिसला न्हाई आमाला."

शौनकने फोन कानावरून काढला आणि मोबाईलवरचा आकडा उघडला. सात मीटर साठ. सहा मीटर नव्वद. थांबला. श्वास घेतल्यासारखा थांबला. मग सहा.

"भीमाआजी म्हनत्यात, सायबानं शबुद पाळला," बन्सीचा आवाज लांबून येत होता. "भंडारा उचलल्याचं सार्थक केलं म्हनत्यात."

शौनकने शब्द पाळला नव्हता. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं त्याला आजवर वाटत होतं. शब्द मात्र पाळला गेला होता.

"सायेब? ऐकताय न्हवं? काय सांगू त्यांला?"

"सांग," शौनक म्हणाला, "आभारी आहे म्हणावं."

"कुनाला? आजीला व्हय?"

आकडा तीनावरून दोनावर आला. शौनकने मनगटावरचा तांबडा दोरा चाचपला.